स्वस्त लॅपटॉप घेताय? ‘किती जीबी?’च्या आधी ‘नंतर काय बदलता येईल?’ हे विचारा

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एक विषय निघतोच. ‘आता पोरांना लॅपटॉप लागणार.’ बजेट आधीच ठरलेलं असतं. २५ हजार, फार ओढलं तर ३० हजार. त्यासाठी कुणी भिशी लागायची वाट बघतं, कुणी दुकानातून हप्त्यावर घेतं.

मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. एकाच किमतीत दोन लॅपटॉप दिसतात. एक दिसायला चकाचक आणि हलका, सोबत बॅग आणि माउस फुकट. दुसरा दिसायला साधा, सोबत काहीच नाही. दुकानात दोन्ही चालू करून बघितले तर दोन्हींवर यूट्यूब चालतं, दोन्हींवर वर्डची फाइल उघडते. मग माणूस साहजिकच चकाचक लॅपटॉप घेऊन घरी येतो.

फरक कळतो तो दीड-दोन वर्षांनी. प्रवेशाच्या फॉर्मची शेवटची तारीख असते, कागदपत्रं अपलोड करायची असतात आणि स्क्रीनवर गोल चक्र फिरत बसतं. पुढच्या अपडेटला जागा नसल्याचा मेसेज आलेला असतो. दुरुस्तीला नेलं तर दुकानदार सांगतो, ‘यात काही वाढवता येत नाही, नवीनच घ्या.’

म्हणजे २५ हजारांचा लॅपटॉप खरं तर दोन वर्षांपुरताच घेतला गेला. हे टाळायचं कसं? त्यासाठी कॉम्प्युटरचा अभ्यास करावा लागत नाही. एक साधा नियम लक्षात ठेवला तरी पुरतो.

नियम काय आहे?

लॅपटॉपमध्ये दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही नंतर बदलता येतात, काही कधीच बदलता येत नाहीत.

प्रोसेसर बदलता येत नाही. आजच्या लॅपटॉपमध्ये तो मदरबोर्डवर कायमचा बसवलेला असतो. स्क्रीन फुटली तर बदलता येते, पण चांगल्या दर्जाची स्क्रीन नंतर बसवून घेणं परवडत नाही. बऱ्याच छोट्या लॅपटॉपमध्ये रॅम आणि स्टोरेजही बोर्डवर थेट डाक देऊन चिकटवलेलं असतं.

याउलट बॅटरी, चार्जर आणि सुटी एसएसडी बदलता येते. माउस, बॅग, पेन ड्राइव्ह तर कधीही घेता येतात.

म्हणून नियम असा: बजेट कमी असेल तेव्हा पैसे आधी न बदलता येणाऱ्या गोष्टींवर घालायचे. बाकीचं पुढच्या दिवाळीला बघता येतं.

छोटा आणि स्वस्त लॅपटॉप आला कुठून?

२००७ साली तैवानच्या आसुस कंपनीने ‘ई पीसी’ नावाचा छोटा लॅपटॉप बाजारात आणला. ७ इंचांची स्क्रीन, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी स्टोरेज आणि विंडोजऐवजी लिनक्स. वजन एक किलोपेक्षा कमी. पुढच्याच वर्षी इंटेलने अशा यंत्रांसाठी ‘ॲटम’ हा प्रोसेसर आणला आणि ‘नेटबुक’ नावाची लाट आली. २०१० मध्ये आयपॅड आला, पाठोपाठ मोठ्या स्क्रीनचे मोबाइल आले आणि काही वर्षांतच ही लाट ओसरली.

नेटबुक हे नाव मागे पडलं, कल्पना मात्र राहिली. आपल्याकडे जुलै २०२३ च्या अखेरीस रिलायन्सने ‘जिओबुक’ची नवी आवृत्ती १६,४९९ रुपयांना आणली. ११.६ इंच स्क्रीन, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, वजन ९९० ग्रॅम आणि विंडोजऐवजी कंपनीची स्वतःची जिओ ओएस.

अशा यंत्रांचा हिशेब सरळ असतो. किंमत कमी ठेवायची तर कुठेतरी हात आखडता घ्यावा लागतो. तो कुठे घेतलाय, हे खरेदी करणाऱ्याला माहीत असलं की पुढचा मनस्ताप वाचतो.

रॅम: ४ जीबी की ८ जीबी?

स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारा माणूस. रॅम म्हणजे ओटा. स्टोरेज म्हणजे कोठीची खोली. ओटा जेवढा मोठा, तेवढ्या गोष्टी एका वेळी हाताशी ठेवता येतात. ओटा भरला की प्रत्येक वेळी कोठीत जाऊन सामान ठेवावं आणि आणावं लागतं.

लॅपटॉपमध्येही तसंच होतं. रॅम भरली की विंडोज काही माहिती तात्पुरती स्टोरेजमध्ये हलवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. स्टोरेज कधीच रॅमइतकं वेगवान नसतं. म्हणून लॅपटॉप ‘अडकतो’.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान रॅम ४ जीबी आहे. पण किमान म्हणजे विंडोज सुरू होण्यापुरती. विंडोज स्वतःच त्यातला बराच भाग वापरतं, थोडी रॅम ग्राफिक्सकडे जाते. उरलेल्या जागेत ब्राउझरचे १० टॅब, व्हॉट्सॲप आणि झूमचा तास बसवायचा म्हटलं की रडारड सुरू होते.

त्यामुळे विंडोजचा लॅपटॉप घ्यायचा असेल तर ८ जीबी ही खालची मर्यादा धरावी. ४ जीबीचा लॅपटॉप घ्यायचाच झाला, तर त्यात रॅमचा मोकळा स्लॉट असेल तरच घ्यावा. स्लॉट असेल तर नंतर रॅम वाढवता येते. रॅम चिकटवलेली असेल तर पहिल्या दिवशी जेवढी, तेवढीच शेवटपर्यंत.

स्टोरेज: आकड्याआधी प्रकार बघा

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. जाहिरातीत लिहिलेलं असतं ‘१२८ जीबी’. पण १२८ जीबी कशाचं?

साधारण तीन प्रकार दिसतात. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्यात चकती फिरते, त्यामुळे ती संथ असते आणि धक्क्याने बिघडू शकते. दुसरा प्रकार ईएमएमसी. स्वस्त मोबाइलमध्ये वापरतात तशीच ही चिप बोर्डवर चिकटवलेली असते. तिसरा प्रकार एसएसडी. ती सहसा वेगळ्या पट्टीच्या रूपात असते, काढता आणि बदलता येते.

वेगातला फरक मोठा आहे. ईएमएमसीच्या ५.१ या आवृत्तीची कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी आहे. आजच्या साध्या एनव्हीएमई एसएसडीसुद्धा सेकंदाला हजार एमबीच्या पुढे सहज जातात. वर सांगितलेली ओटा आणि कोठीची ये-जा इथे आठवा. रॅम ४ जीबी आणि स्टोरेज ईएमएमसी असेल तर दोन्हीकडून मार बसतो.

दुसरा प्रश्न जागेचा. खोक्यावर ६४ जीबी लिहिलं असलं तरी विंडोजमध्ये ते ५९ जीबीच्या आसपास दिसतं, कारण कंपनी आणि विंडोज यांची मोजायची पद्धत वेगळी आहे. त्यात विंडोज बसतं, रिकव्हरीचा भाग बसतो, मग अपडेट्स येतात. मोठ्या अपडेटसाठी काही जीबी जागा मोकळी लागते. ती नसली की अपडेट अडकतं. आणि अपडेट अडकलं की सुरक्षेतल्या त्रुटी तशाच राहतात. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होणार, त्याच्यासाठी ही किरकोळ गोष्ट नाही.

तेव्हा ६४ किंवा १२८ जीबी हा आकडा दिसला की ‘ईएमएमसी की एसएसडी?’ हे विचारायचंच. निवड असेल तर २५६ जीबी एसएसडी घ्यावी. फोटो-व्हिडिओसाठी ती कमी पडली तर बाहेरून हार्ड डिस्क जोडता येते.

प्रोसेसर: नुसतं ‘आय३’ ऐकून भुलू नका

‘आय३ आहे, डोळे झाकून घ्या,’ असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. पण आय३ हे नाव २०१० पासून बाजारात आहे. त्यामुळे नुसत्या नावावरून काहीच कळत नाही. पुढचा आकडा बघावा लागतो.

उदाहरणार्थ, आय३-१२१५यू मधला सुरुवातीचा ‘१२’ म्हणजे बारावी पिढी. त्यात ६ कोअर आहेत. आय३-१११५जी४ म्हणजे अकरावी पिढी, त्यात २ कोअर. नाव दोघांचंही आय३.

इंटेलने लॅपटॉपसाठीची ‘सेलेरॉन’ आणि ‘पेंटियम’ ही नावं २०२३ पासून बंद केली. तरीही जुना माल विक्रीला दिसतो. सेलेरॉन एन४०२० हा २०१९ चा, दोनच कोअरचा प्रोसेसर आहे. त्याच वर्गात २०२३ मध्ये आलेल्या एन१०० मध्ये ४ कोअर आहेत. साध्या कामासाठी एन१०० पुरतो. एन४०२० वर २०२५ नंतर पैसे घालण्यात अर्थ नाही.

एएमडीच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. रायझन ३ ७३२०यू या नावातला पहिला ‘७’ बघून हा एकदम नवा वाटतो. पण कंपनीच्या नाव देण्याच्या पद्धतीत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. इथे तो ‘२’ आहे, म्हणजे २०१९ मध्ये आलेली झेन २ रचना. याचा अर्थ हा प्रोसेसर वाईट आहे असं नाही. ४ कोअर आणि ८ थ्रेड असल्यामुळे रोजच्या कामाला तो चांगलाच आहे. फक्त त्याच्यासोबतची रॅम बोर्डवर चिकटवलेली असते. म्हणून या प्रोसेसरचा लॅपटॉप घेताना सुरुवातीलाच ८ जीबीचा घ्यावा, नंतर वाढवू म्हणून चालत नाही.

स्क्रीन: इंचाबरोबर आणखी दोन गोष्टी

छोटा म्हणजे किती छोटा? ११.६ इंची लॅपटॉप सॅकमध्ये कुठेही मावतो, पण त्यावर एक्सेलचा तक्ता आणि दुसरी फाइल शेजारी शेजारी बघणं अवघड जातं. १४ इंच हा बहुतेकांना जमणारा मधला मार्ग आहे.

इंचाबरोबर रिझोल्यूशन बघा. १३६६ बाय ७६८ असेल तर अक्षरं जाडीभरडी दिसतात. मराठी वाचणाऱ्यांना हे जास्त जाणवतं, कारण मात्रा, रफार आणि जोडाक्षरं कमी जागेत बसवायची असतात. १९२० बाय १०८० असेल तर तीच अक्षरं स्वच्छ दिसतात.

दुसरी गोष्ट पॅनेलची. टीएन पॅनेल असेल तर जरा बाजूने बघितलं की रंग उडाल्यासारखे दिसतात. आयपीएस असेल तर शेजारी बसलेल्यालाही नीट दिसतं. एकाच लॅपटॉपवर दोन भावंडं अभ्यास करणार असतील तर याने फरक पडतो.

विंडोज की क्रोमबुक?

हा प्रश्न आवडीचा नाही, कामाचा आहे.

ब्राउझरमध्ये होणारी सगळी कामं, म्हणजे ईमेल, ऑनलाइन फॉर्म, गुगल डॉक्स, व्हिडिओ, ऑनलाइन तास, क्रोमबुकवर व्यवस्थित होतात. क्रोमओएस हलकी असल्यामुळे कमी ताकदीच्या यंत्रावरही ती सुरळीत चालते.

पण घरात टॅलीवर हिशेब होत असतील, श्रीलिपीवर मजकूर टाइप होत असेल किंवा डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरावा लागत असेल, तर क्रोमबुक घेऊ नका. ही कामं विंडोजवरच होतात.

मराठी टायपिंगची काळजी विंडोजवर करायला नको. इनस्क्रिप्टबरोबरच मराठी फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच मिळतो. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून ही सोय आहे.

क्रोमबुक घेताना अपडेटची शेवटची तारीख नक्की बघा. २०२१ पासून बाजारात आलेल्या क्रोमबुकना १० वर्षं अपडेट्स मिळतील, असं गुगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. पण ही १० वर्षं तुमच्या बिलाच्या तारखेपासून मोजली जात नाहीत. ते मॉडेल ज्या मूळ रचनेवर बनलंय, ती बाजारात आली तेव्हापासून मोजली जातात. सवलतीत मिळणाऱ्या जुन्या क्रोमबुकची निम्मी मुदत दुकानातच संपलेली असू शकते.

विंडोजमध्येही दोन गोष्टी तपासायच्या. एक, ‘एस मोड’. यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप्स टाकता येतात. यातून बाहेर पडणं फुकट आहे, पण परत एस मोडमध्ये जाता येत नाही. दुसरी, ‘डॉस’ लिहिलेला लॅपटॉप. तो स्वस्त दिसतो, कारण त्यात विंडोजच नसतं. त्यावर कुणी ‘टाकून देतो’ म्हणालं तर ते बहुतेकदा चोरीचं विंडोज असतं. लिनक्स वापरणार असाल तर मात्र डॉसवाला लॅपटॉप चांगला पर्याय आहे.

सेकंड हँड घ्यावा का?

कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशी ही मजबूत बांधणीची यंत्रं दुरुस्त करून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकली जातात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत ती मिळतात. यांतल्या बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम आणि एसएसडी बदलता येते. म्हणजे वरच्या नियमात ती चपखल बसतात.

पण एक मोठी अट आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित अपडेट्स बंद झाली. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. आणि विंडोज ११ साठी इंटेल कोअरचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो.

त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे आय५ आणि आय७ आज खूप स्वस्तात दिसतात. ‘एवढ्यात आय७ कुठे मिळतो?’ हे खरं असतं, पण त्यावर विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टचा अधिकृत पाठिंबा नाही. आठव्या पिढीचा आय५ हा सातव्या पिढीच्या आय७ पेक्षा सरस सौदा आहे.

रिफर्बिश्ड घेताना दुकानातच तीन गोष्टी करून घ्या.

पहिली, बॅटरीचा रिपोर्ट काढायला सांगा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून तो निघतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता ती पूर्ण भरल्यावर राहणारी क्षमता, दोन्ही आकडे असतात. मूळ ५० आणि आता २५ असेल तर बॅटरी निम्मी झाली आहे, नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा.

दुसरी, लॅपटॉप इंटरनेटला जोडून विंडोजचा सेटअप पहिल्यापासून करायला लावा. मध्येच एखाद्या कंपनीचं नाव दाखवून त्या कंपनीचं लॉगिन मागितलं, तर यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. ते घेऊ नका.

तिसरी, सीरियल नंबर लिहिलेलं बिल आणि लेखी वॉरंटी घ्या.

दुकानात ५ मिनिटांत काय बघायचं?

विंडोजच्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ भागात प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. मेमरीवर क्लिक केलं की रॅम किती आणि किती स्लॉट वापरात आहेत, हे कळतं. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘एसओडीआयएमएम’ असेल तर रॅम काढता-घालता येणारी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती चिकटवलेली आहे.

मग ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडा, एक व्हिडिओ लावा आणि त्याच वेळी वर्डमध्ये टाइप करून बघा. अक्षरं उशिरा उमटत असतील, तर नव्याकोऱ्या यंत्राची ही गत आहे हे लक्षात घ्या. पुढे तो आणखी मंदावणारच.

ऑनलाइन घेत असाल तर मॉडेलचा पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. एकाच नावाच्या मालिकेत ४ जीबी ईएमएमसीचा आणि ८ जीबी एसएसडीचा, असे दोन्ही लॅपटॉप असू शकतात. फोटो सारखाच असतो.

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. वॉरंटीच्या वेळी बिल विचारलं जातं, आणि ग्राहक म्हणून तक्रार करायची वेळ आली तरी तोच पुरावा असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

मग नेमका कोणता घ्यायचा?

फक्त ब्राउझरमधली कामं आणि शाळेचा अभ्यास असेल, तर पुढची किमान पाच-सहा वर्षं अपडेट्स शिल्लक असलेलं क्रोमबुक पुरेसं आहे.

फॉर्म, वर्ड-एक्सेल, मराठी टायपिंग, ऑनलाइन मुलाखती अशी मिश्र कामं असतील, तर ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि एन१००, रायझन ३ ७३२०यू किंवा आय३-१२१५यू यांपैकी एक प्रोसेसर असलेला विंडोज लॅपटॉप बघा.

टॅली किंवा प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल आणि बजेट वाढत नसेल, तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा चांगला रिफर्बिश्ड लॅपटॉप नव्या सेलेरॉनपेक्षा केव्हाही बरा.

आणि इंजिनीअरिंगचं ड्रॉइंग, व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग करायचं असेल, तर या किमतीत घाई करू नका. आधी कॉलेजमध्ये विचारा, कुठलं सॉफ्टवेअर लागणार आहे आणि ते कॉलेजच्या लॅबमध्ये वापरता येतं का. पहिल्या वर्षी बऱ्याचदा साध्या लॅपटॉपवर भागतं. तेवढ्या वर्षभरात पैसे साठवता येतात.

सुरुवातीच्या त्या दोन लॅपटॉपकडे आता परत बघा. चकाचक लॅपटॉपसोबत फुकट मिळणारी बॅग आणि माउस मिळून फार तर हजार-दीड हजारांचे असतील. ते कधीही विकत घेता येतात. साध्या दिसणाऱ्या लॅपटॉपमध्ये वाढवता येणारी रॅम आणि बदलता येणारी एसएसडी असेल, तर ती सोय नंतर कुठल्याच दुकानात विकत मिळणार नाही. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ‘किती जीबी?’ हा न विचारता एवढंच विचारा: ‘यातलं काय काय नंतर बदलता येईल?’ उत्तर द्यायला दुकानदार चाचरला, तर मॉडेलचा नंबर लिहून घ्या, घरी जाऊन तपासा आणि मगच पैसे द्या.